'लुक इंटू' म्हणजे शोधणं का?

प्रश्न: पार्सल हरवल्याची तक्रार केली, तर उत्तर आलं, 'वी आर लुकिंग इंटू इट'. मला वाटलं पार्सल शोधताहेत, म्हणून चार दिवस गप्प बसले. बहीण म्हणते, शोधणं वेगळं. खरं काय?

उत्तर १: ताई, बहिणीचं बरोबर आहे. शोधणं म्हणजे 'लुक फॉर'. 'लुक इंटू' म्हणजे नेमकं काय झालं याची चौकशी करणं. मी वीस वर्षं शिकवणी घेतोय. मुलांना सांगतो, आधी आपलं 'बघणं' बघा. 'आईचं कोण बघतं?' यातलं बघणं म्हणजे 'लुक आफ्टर'. आतुरतेने वाट बघणं म्हणजे 'लुक फॉरवर्ड टू'. त्यापुढे 'मीट' नाही, 'मीटिंग यू' येतं. पोरांचे मार्क इथेच जातात, फार जीव तुटतो.

उत्तर २: 'लुक डॅगर्स' म्हणजे अगदी आपलं 'खाऊ की गिळू' नजरेने बघणं!

उत्तर ३: आणि काणाडोळा करणं म्हणजे 'टर्न अ ब्लाइंड आय'. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत ब्रिटिश नौदल अधिकारी नेल्सनने अधू डोळ्याला दुर्बीण लावली आणि माघारीचा इशारा दिसलाच नाही म्हणाला, अशी गोष्ट सांगतात.

प्रश्नकर्ती: सर, मनापासून आभार. सकाळीच फोन लावते, चौकशी कुठवर आली विचारते.