डोळ्यात गेलेली शिकेकाई आठवतेय का कुणाला?

काल ज्वारी दळायला गिरणीत गेले तर काका म्हणाले ताई जरा लवकर यायचं ना, धान्य संपवून आता एका आजींची शिकेकाई लावलीय, तुमचं दळण उद्याच. मी दारात उभी आणि सटासट चार शिंका. तो आंबूस तुरट वास नाकात गेला आणि मी थेट साताऱ्याच्या घरातल्या न्हाणीघरात.

आमच्याकडे न्हायचा वार रविवार. शनिवारी रात्री आई लोखंडी कढईत शिकेकाईच्या शेंगा, फोडलेले रिठे आणि आवळकाठी भिजत घालायची, सकाळी त्याच कढईत उकळायची. लोखंडामुळे पाणी शाईसारखं काळं व्हायचं. बंब पेटलेला, नारळाच्या शेंड्यांचा धूर, मी पाटावर मान खाली घालून बसलेली. आई डाव्या हाताने तांब्यातून धार सोडायची आणि उजव्या हाताने कानामागून, मानेवरून खसाखसा चोळायची. डोळे कितीही घट्ट मिटले तरी एक थेंब जायचाच आणि मग जी बोंब! आई पदराच्या टोकाचा बोळा करायची, त्यात तोंडाने फुंकर मारून गरम करायची आणि डोळ्यावर धरायची. दोनतीनदा केलं की आग थांबायची. तो ओलसर गरम बोळा अजून पापणीवर जाणवतो.

वर्षभरापासून मी परत शिकेकाई सुरू केलीय, कॉलेजपासून वीस वर्षं शाम्पूच होता. केस छान राहतात पण एक कळलं, हे एकटीने करायचं काम नाहीच. एका हाताने ओतायचं, एकाने चोळायचं, पाणी मानेवरून पाठीत. कुणीतरी ओतणारं हवंच. तुमच्याकडे कसं होतं? काय लावायचे, कोण न्हाऊ घालायचं? सगळं लिहा.

नदीकाठ
पदराचा बोळा!!! अगं कुठून काढलंस हे. साफ विसरले होते. माझी आजी करायची. आता साडीच नाही नेसत कुणी घरात, लेकीच्या डोळ्यात काही गेलं तर टीशर्टच्या टोकाचा करते.

मोगरा७
प्रमाण सांगा ना ताई कुणीतरी, काष्ठौषधीच्या दुकानात गेले तर तो म्हणे काय काय देऊ आणि मी गप्प

धागाकर्ती
मोगरा, आईचं प्रमाण देते. शिकेकाई १ किलो, रिठे पाव किलो (बिया काढून, टरफलच घ्यायचं), आवळकाठी पाव किलो, नागरमोथा आणि कपूरकाचरी १०० - १०० ग्रॅम, मेथी मूठभर, वाळवलेली संत्र्याची सालं असतील तेवढी. सगळं कडकडीत उन्हात दोन दिवस. रिठा जास्त घालू नकोस, फेस येतो पण केस झाडूसारखे होतात. आणि पावडर थेट केसांना थापू नकोस, रात्री भिजव, सकाळी उकळ आणि पंच्याने गाळून ते पाणी वापर. नाहीतर दोन दिवस भांगातून भुसा निघतो.

आंबटगोड
शिकेकाईचं गाळलेलं पाणी आणि चिंचेचा कोळ सेम दिसतो हे इथे कुणाला माहितीये का? आमच्या काकूने लग्न होऊन आठ दिवस झाले होते, ओट्यावरचं पातेलं उचललं आणि आमटीत. आमटीला फेस 😂 आजोबांनी एक भुरका घेतला आणि शांतपणे म्हणाले सूनबाई, आज जिभेचं न्हाणं झालं. काकू रडायला लागली तर आजी म्हणाली रडू नको गं, चूक माझी, झाकण ठेवायला हवं होतं मी. काकू आज सत्तरीची आहे, अजून सांगते हे, आजीचं नाव निघालं की हाच किस्सा.

नदीकाठ
आजोबा 😂😂 आजी पण किती गोड

टेकडीपलीकडे
मी इंग्लंडात दक्षिणेला राहते, इथलं पाणी भयंकर जड, किटलीत पांढरा थर बसतो. साबणाने केस धुतले की मेणचट चिकट होतात कारण साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून साका धरतो. मग कुणीतरी सांगितलं खायचा सोडा लाव. तीन महिने लावला आणि केसांची वाट लागली, तुटायला लागले. नंतर कळलं सोडा अल्कली असतो, पीएच आठच्या वर, आणि आपली टाळू साधारण पाचच्या आसपास आम्लधर्मी. प्लीज कुणी सोडा वापरू नका. आईने शिकेकाई पाठवली तेव्हा फरक पडला, तिच्यातला फेस सॅपोनिनचा, तो जड पाण्यातही साका धरत नाही आणि शिकेकाई स्वतःच थोडी आंबट.
बाय द वे शाम्पू हा शब्द आपल्या चंपीचाच भाऊ बरं का. पाटण्याचे साके दीन महंमद दोनशे वर्षांपूर्वी इथे ब्रायटनला शाम्पू बाथ चालवायचे, म्हणजे वाफ आणि मालिश. केस धुणं हा अर्थ मागून आला. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा दर वेळी आठवतं.

सीमेवरचा
बेळगावकडचा आहे. कन्नडमध्ये शीगेकायी म्हणतात, त्यातलं कायी म्हणजे शेंग किंवा फळ. आमच्या शेताच्या कुंपणाला वेल होता, असले आकडेवाले काटे की शर्ट अडकला की फाटलाच. शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की काढायच्या.

कोरडवाहू
आमच्याकडे मराठवाड्यात शिकेकाई म्हणजे श्रीमंती. आम्ही नदीची गाळाची माती आणि आंबट ताक. माती चाळून रात्री ताकात कालवायची, सकाळी डोक्याला थापून अर्धा तास उन्हात बसायचं, सगळ्या पोरी ओळीने. तेल पार निघायचं आणि केस असे मऊ, हातातून सटकायचे. उन्हाळ्यात नदीच आटली की डाळीचं पीठ, ते पण आई मोजून द्यायची, कारण पिठल्याला लागायचं. पाणी दोन तांबेच मिळायचे एकीला. त्यात धुवायचं. तुमचे बंब वाचून छान वाटतं पण आमच्या आया काय काय पुरवून न्यायच्या ते आत्ता कळतं.

मोगरा७
कोरडवाहू ❤️ दोन तांब्यात माती कशी निघायची हो?

कोरडवाहू
उन्हात वाळलेली निम्मी झटकूनच काढायची. उरलेली पाण्याने.

गुलबक्षी
इथे एक सांगावंसं वाटतं म्हणून लिहिते. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावायची पद्धत आहे बऱ्याच घरात. माझ्या धाकट्या बहिणीला लावली होती, धुताना डोळ्यात गेली. शिकेकाईसारखं नाही ते, बुबुळाला जखम झाली, आठवडाभर डोळा उघडता येत नव्हता, डॉक्टर फार रागावले. नशिबाने नजर वाचली. नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक असं नाही हो. बारीक फणी घ्या, वेळ लागला तरी चालेल.

धागाकर्ती
बापरे. बरं झालं लिहिलंस गुलबक्षी. बहीण बरी आहे ना आता?

गुलबक्षी
हो हो, दोन मुलांची आई आहे 🙂

पितळी डबा
बंबाचा विषय निघालाय तर, आमचा तांब्याचा बंब वडिलांनी मोडीत घातला गीझर आल्यावर. वजनावर गेला. आई दोन दिवस बोलली नाही. कुणाकडे आहे का अजून चालू?

आंबटगोड
आहे! गावी. होळीला पेटवतो. तोटी गळते फक्त.

पितळी डबा
कल्हई आणि डाग देणारा माणूस आहे आमच्याकडे, तोटी नीट करून देतो, काढू नका मोडीत.

हिरवा चुडा
मी केस गळतात म्हणून सुरू केली होती शिकेकाई, जास्वंदीच्या पानांचा चिकट गर, मेथी, सगळं केलं. गळणं थांबेना. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. गोळ्या घेतल्यावर पाचसहा महिन्यांनी गळणं कमी झालं. शिकेकाई अजून लावते, आवडते म्हणून, पण मूठमूठ केस जात असतील तर आधी तपासणी करा बायांनो.

उंबरठा
मी पुरुष आहे, चालेल ना? आईला अर्धांगवायू झाला त्याला दीड वर्ष झालं. तिला शाम्पूचा वास सहन होत नाही, तोंड फिरवते. ही मूळची शिकेकाईवाली. मी पलंगाच्या कडेशी तिचं डोकं आणतो, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, त्याखाली प्लास्टिकचा कागद पन्हळीसारखा बादलीत सोडलेला. डोळ्यावर ओला रुमाल. पाणी बायको ओतते. पण माझ्याकडून पूड राहते, उशीवर येते, आणि तिला खाज सुटते. तिला सांगता येत नाही नीट. काय करू?

धागाकर्ती
दादा, चालेल काय विचारता. पूड नकोच, अख्ख्या शेंगा उकळा, चारपाचच, आणि दोनदा गाळा, दुसऱ्यांदा जुन्या मऊ धोतराच्या कापडातून. रिठा अगदी एकच किंवा नाहीच. शेवटी नुसतं कोमट पाणी भरपूर.

नदीकाठ
दादा आणि कानात कापसाचे बोळे घाला, थोडं तेल लावून. माझ्या सासूबाईंचं असंच करायचो आम्ही. तुम्हा दोघांना खूप बळ मिळो.

मोगरा७
नागपुरात कुणी दळून देतं का? इथले गिरणीवाले नाही म्हणतात, मिक्सरचं भांडं घासून घासून हात दुखले

सीमेवरचा
मिक्सरमध्ये नको, बिया फार कडक, पातं जाईल. खलबत्त्यात जाडसर कुटा, उकळायचीच आहे तर बारीक कशाला.

उंबरठा
आज न्हाऊ घातलं आईला. अख्ख्या शेंगा, रिठा नाही, दोनदा गाळून. कढईतून वाफ आली तेव्हाच तिने मान इकडे वळवली. धुऊन झाल्यावर मी हात काढला तर डाव्या हाताने माझं मनगट धरून परत कानामागे नेलं. तिथे अजून चोळ म्हणून. पाणी गार झालं होतं, बायकोने परत तापवून आणलं.