पाच लाखांच्या योजनेने घरखर्चावरचा दवाखान्याचा भार हटला का?

मिरजकर (धागाकर्ता): महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेल्याने दवाखान्यापायी घर बुडायचे दिवस संपले, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. मला ते पटत नाही. योजनेत बसतात त्या मुख्यतः ठरावीक शस्त्रक्रिया आणि भरती होऊन घ्यायचे उपचार. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, डॉक्टरांची फी, रक्त-लघवीच्या तपासण्या हे सारे खिशातूनच जाते. आमच्या घरी आईच्या औषधांची चिठ्ठी किराण्याच्या यादीलाच टाचलेली असते. आधी चिठ्ठीचे पैसे बाजूला निघतात, मग तूरडाळ दोन किलोची एक किलो होते.

कोरेगावकर: गोळ्यांचा खर्च नाकारत नाही, पण तो आधी दिसतो आणि धरून चालता येतो. घर मोडते ते एका बिलाने. २००९ मध्ये वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा ऊसबिल आधीच सोसायटीच्या कर्जात वळते झालेले. आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि शेवटी अर्धा एकर गेला. दहा वर्षांनी चुलत्यांची तीच शस्त्रक्रिया योजनेतून झाली, तेव्हा घरातून गेले ते एसटीचे आणि डब्याचे पैसे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, हे केंद्र सरकारचे राष्ट्रीय आरोग्य लेखेच (देशाच्या आरोग्यखर्चाचा हिशेब) सांगतात. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळतात. आपल्याला मात्र खाजगीतले सलाईन लावल्याशिवाय बरे वाटत नाही.

तासगावची वाचक: फुकट गोळीसाठी रांगेत सकाळ गेली की द्राक्षबागेतला हजेरीचा दिवस बुडतो. ती मजुरी कोणत्या लेख्यात धरतात?

मिरजकर: नेमके हेच. घरखर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक पैसा उपचारांवर गेला तर तो खर्च कुटुंबाला न पेलणारा, असा निकष जगभर वापरला गेला. पण ज्याने परवडत नाही म्हणून गोळ्याच सोडल्या, त्याचा खर्च शून्य भरतो आणि तो सुखी घरांत मोजला जातो. पुढे त्याचीच मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिसचे पैसे योजना भरते. थायलंडने २००२ मध्ये तीस बाहतची आरोग्य योजना (बाहत हे तिथले चलन, दर खेपेला तेवढेच भरायचे) आणली, तेव्हा बाह्यरुग्ण उपचार आणि औषधेही तिच्यात धरली होती.

कोरेगावकर: बाह्यरुग्ण उपचार जरूर आणा, मात्र त्यासाठी भरतीच्या संरक्षणाला हात लावू नका. गेलेला अर्धा एकर आम्हाला अजून परत घेता आलेला नाही.