मदत हवी आहे: कोण कोणासोबत राहतं, ही नोंद कशी करावी?

नमस्कार. वयोगटानुसार प्रौढ माणसं कोणासोबत राहतात (जोडीदार, आईवडील, मुलं की एकटी) याचा तक्ता करतेय. जनगणनेत कुटुंब मोजायच्या दोन रीती आहेत: एका घरात राहणारे सगळे एक कुटुंब, किंवा ज्यांचं जेवणखाण एकत्र ते एक कुटुंब.

माझं अडतंय इथेच. वर मुलगा-सून, खाली आई. दार एक, चुली दोन. पहिल्या रीतीने आई मुलासोबत, दुसरीने एकटी! आणि ६ महिने लेकीकडे, ६ महिने मुलाकडे राहणाऱ्या आजींना कुठे धरायचं? वर्षातला जास्त काळ जिथे गेला ते घर, हा नियम तिथे चालत नाही.

एकट्या वृद्धांचा आकडा यामुळे लपायला नको, एवढीच तळमळ आहे. असं सर्वेक्षण केलेल्यांनी कोणती रीत वापरली? कृपया सांगा.