शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य, रजिस्टरमध्ये मात्र रोज ०.५, काय करू?

नवा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमची छोटी पाणी योजना आहे, १८० घरं, एक बोअर, वर ५० हजार लिटरची टाकी आणि तिथून नळाने सगळीकडे. कमिटीत कोणीच तयार होईना म्हणून यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या आठवड्यात सॅम्पल दिलं होतं, रिपोर्टमध्ये ई-कोलाय आलाय. रजिस्टर काढलं तर रोज क्लोरीन ०.५ पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम), एक दिवस चुकलेला नाही. काल मीच शेवटच्या घरी जाऊन ओटीचे थेंब (क्लोरीन असलं की पाणी पिवळं करतात ते) टाकून बघितले तर रंगच आला नाही. कमिटीतले म्हणतायत अजून एक सॅम्पल पाठवू, चांगला आला की विषय मिटला, उगाच लोकांना कशाला घाबरवायचं. मला पटत नाहीये पण मला यातलं ओ की ठो कळत नाही. ब्लीचिंग पावडर दुप्पट करू का? आणि लोकांना सांगायचं का नाही?

लॅबवाली
आधी सांगा, आजच सांगा. ई-कोलाय म्हणजे माणसाची नाहीतर जनावराची विष्ठा कुठूनतरी पाण्यात शिरतेय, साधा कोलिफॉर्म (मातीतही सापडणारे जंतू) आला असता तर गोष्ट थोडी वेगळी होती. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सरळ आहे, १०० मिलीत एकही दिसता कामा नये. प्यायचं पाणी चांगलं खळखळून उकळी येईपर्यंत तापवा असं घरोघरी कळवा, लहान बाळं असतील तिथे आधी.

फेरसॅम्पल घ्यायचंच आहे, पण पहिला रिपोर्ट खोडायला नाही, घाण कुठून येते ते शोधायला. बोअरवर एक, टाकीच्या आउटलेटला एक, शेवटच्या नळाला एक. बाटली लॅबचीच घ्या, आत थायोसल्फेट असतं ते धुवून टाकू नका (लोक खरंच धुतात हो!!), ते क्लोरीन मारण्यासाठीच असतं, नाहीतर जंतू वाटेतच मरतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. नळाची जाळी काढा, तोंड जाळून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटली गळ्यापर्यंत भरू नका, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. क्लोरीन मात्र जागेवरच मोजायचं, लॅबला येईस्तोवर ते उडून गेलेलं असतं.

साधा_माणूस
इतकी वर्षं तेच पाणी पितोय ना सगळे, कोणाला काय झालं? एका रिपोर्टवरून एवढा गाजावाजा

लॅबवाली
@साधा_माणूस मोठ्यांना सवयीने पचतं असं आपण म्हणतो, वर्षाच्या आतल्या बाळाला नाही पचत. आणि जुलाब झाले की आपण खाण्याला दोष देतो, नळाला कोण देतं?

व्हॉल्व्हमास्तर
दादा पावडर दुप्पट करण्याआधी ती पावडर जिवंत आहे का ते बघा. ताज्या ब्लीचिंग पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पोतं उघडं पडून ओल लागली की झपाट्याने उतरतं. हिशोब असा, ५० हजार लिटरला २ पीपीएम द्यायचं तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतं म्हणजे ताजी पावडर ३०० ग्रॅम, पण तीच २० टक्क्यांवर आली असेल तर ५०० ग्रॅम. आणि कोरडी पावडर टाकीत ओतायची नाही, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढं टाकायचं. मग निदान अर्धा तास थांबायचं. आमच्याकडे आधी पावडर टाकली की लगेच व्हॉल्व्ह उघडायचे, म्हणजे जवळच्या घरांना वासाने पाणी तोंडात घेववेना आणि लांबच्यांना नुसतंच पाणी.

अर्ध्या तासानंतर ०.५ आणि शेवटच्या नळाला कमीत कमी ०.२ मिळायला हवं. पाणी गढूळ असलं किंवा पीएच ८ च्या वर असला तर क्लोरीन नीट काम करत नाही.

अजून एक, तुमचं पाणी चोवीस तास असतं का ठरावीक वेळी? बंद असताना पाईप रिकामा होतो आणि जिथे गळती आहे तिथूनच बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. मी तर आधी गटाराच्या कडेकडेने जाणारी लाईन चालत बघून येईन.

जुनं_रजिस्टर
मला त्या रोजच्या ०.५ चं जास्त टेन्शन आलं. कॅनडातलं वॉकरटन वाचा, मे २०००. जेमतेम ५ हजार वस्ती. जोरदार पाऊस झाला, शेणखताचं पाणी एका उथळ विहिरीत उतरलं, ७ माणसं गेली आणि २३०० च्या आसपास आजारी पडली. चौकशीत निघालं काय, तर ऑपरेटर क्लोरीन न मोजताच वर्षानुवर्षं ०.५ नाहीतर ०.७५ लिहीत होते, सॅम्पलच्या बाटलीवर ठिकाणसुद्धा चुकीचं टाकायचे. कागदावर सगळं नियमात! मोजलेला आकडा कधी ०.३ येतो, कधी ०.६, पावसानंतर धाडकन खाली येतो. महिनाभर एकच आकडा म्हणजे मीटर नाही, पेन चालतंय.

नवा_सेक्रेटरी
काय सांगू, अगदी तसंच निघालं. रजिस्टर नीट बघितलं तर अख्खा महिना एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेला, आणि ३१ तारखेचाही आकडा भरलेला, महिना ३० चा!! रजिस्टर लिहिणाऱ्या काकांना विचारलं तर ते म्हणाले ओटीची बाटली कधीचीच संपलीये, मागितली तर कोणी आणून दिली नाही, आणि रकाना रिकामा ठेवला की ओरडा बसतो. चूक त्यांची एकट्याची म्हणवत नाही.

मग टाकीवर चढलो. ओव्हरफ्लोच्या पाईपाची जाळी फाटलेली, आत कबुतराची पिसं, झाकणाला बिजागरीच नाही, नुसता पत्रा टेकवून वर वीट. पावडरीचं पोतं पंपाच्या खोलीत जमिनीवर उघडं. उकळून प्या म्हणून सगळ्या घरांत निरोप गेलाय, दोघं-तिघं चिडले पण ठीक आहे. उद्या टाकी रिकामी करून घासून घेतो, नवीन पावडर आणि क्लोरीन मोजायचा डीपीडीचा किट मागवलाय. पाणी रोज दीड तासच असतं, म्हणजे ते ओढून घेण्याचं प्रकरण पण आहेच.

व्हॉल्व्हमास्तर
जाळी मच्छर न शिरेल इतकी बारीक लावा. शेवटच्या नळाला पाणी सुटल्या सुटल्या एकदा बघा आणि अर्ध्या तासाने परत, दोन्ही आकडे इथे टाका मग लाईनीचं बघू. आणि काकांना दुसरी बाटली आत्ताच घेऊन ठेवा.