शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येणं बंद व्हायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

सातारची_आई:
लॉकडाऊनमध्ये इलाज नव्हता म्हणून सुरू झालेलं हे, पण शाळा उघडून इतकी वर्षं झाली तरी चालूच आहे. संध्याकाळी सात-साडेसातला वर्गाच्या ग्रुपवर फोटो येतो, खाली "प्रश्न ३ ते ७ लिहून आणणे", आणि मग घरातल्या एका मोबाईलसाठी ओढाताण. हेच वर्गात फळ्यावर लिहून पोरांच्या डायरीत उतरवून घेतलं तर काय बिघडतं? पाचवीतल्या पोराला फळ्यावरच्या चार ओळी बघून नीट लिहिता यायलाच हव्यात, तोही अभ्यासच आहे.

आणि फोन हातात आला की तो गृहपाठापुरता राहत नाही. असरचा, म्हणजे प्रथम संस्थेच्या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा, २०२४ चा अहवाल बघा, ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्या मुलांमध्ये आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन घेतलेले ५७ टक्के तर सोशल मीडियासाठी घेतलेले ७६ टक्के. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं, रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजणार आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. एखादं गाव एवढं मनावर घेतं आणि आपल्या शाळा नेमका त्याच वेळेला फोन उघडायला लावतात. केरळच्या शिक्षण खात्याने २०२४ मध्ये उच्च माध्यमिकच्या शिक्षकांना नोट्स व्हॉट्सॲपवर पाठवू नका असं सांगितलं, मग आपल्याकडे का होऊ नये?

मोबाईल-कॉम्प्युटर शिकवूच नका असं माझं म्हणणं नाही. शाळेत शिकवा, शिक्षकांसमोर बसवून शिकवा. घरावर ढकलू नका एवढंच.

दोनशिक्षकी_शाळा:
ताई, मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी थेट कर्नाटकात. काही पोरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि जी आईबापाबरोबर जातात त्यांच्या डायरीत मी कसं लिहून देणार? फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या त्या पोराशी माझा संबंध राहतो तो बापाच्या फोनमुळंच. मी व्हॉइस मेसेज टाकतो, एखादा पाढा, एखादी गोष्ट, दोन प्रश्न. आईला वाचता येत नसलं तरी ऐकवता येतं ना. पोरगं उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं तेव्हा निदान वर्ग त्याला परका वाटत नाही. उद्या सरसकट बंदीचा कागद निघाला तर पहिला फटका ह्याच पोरांना बसणार, शहरातल्या नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यात पुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा. त्याआधीच बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले होते. ते कोड घरी उघडायचे तर फोन लागणारच की.

सेकंड_शिफ्ट:
माझा पण ताईंना विरोध. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, मी लोकलने घरी पोचते तेव्हा साडेआठ झालेले असतात, मुलगा तिसरीत आहे आणि डायरीत तो अर्धं लिहितो आणि अर्धं विसरतो. ग्रुपवर मेसेज असला की ट्रेनमध्येच कळतं उद्या काय न्यायचंय. मुलगा तापाने झोपून असला तरी काय शिकवलं ते कळतं, नाहीतर पूर्वी शेजारच्या मुलाच्या आईला फोन करत बसा. मेसेज मी वाचते, मुलाच्या हातात फोन देतच नाही. हे घरच्यांनी ठरवायचं की शाळेने बंदी घालून?

सातारची_आई:
@दोनशिक्षकी_शाळा सर, तुमचं पटतंय, तुमची पोरं घरापासून लांब आहेत आणि त्यांच्यासाठी फोन हवाच. पण जी पोरं रोज सहा तास वर्गात बसतात त्यांना का? @सेकंड_शिफ्ट तुमच्या घरी फोन तुमच्या ताब्यात आहे, सगळीकडे नसतो. आणि फोन कुणाचा हेही बघा. असर २०२३ मध्ये १४ ते १८ ची मुलं होती, ज्यांना फोन वापरता येतो त्यातल्या जवळपास ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन, मुलींमध्ये २० टक्क्यांच्या आसपास. अभ्यास फोनवर नेला की मुलगी आपोआप मागे राहते.

बारावी_सायन्स:
हे अगदी खरंय. आमच्या क्लासच्या ग्रुपवर माझा नाही, पप्पांचा नंबर आहे. ते रात्री कामावरून आले की मी मेसेज बघते, तोपर्यंत बाकीच्यांचं लिहून झालेलं असतं आणि सकाळी मॅडम विचारतात तुझंच का राहिलं. भावाला मागितला तर तो देतो पण समोर उभा राहतो. तरी बंदी नको प्लीज, एखादं डेरिव्हेशन अडलं तर मला व्हिडिओशिवाय कुणी समजावणारं नाही घरी. फक्त जे करायचंय ते कॉलेजमध्येच सांगा.

फर्स्ट_इयरचा_मास्तर:
सगळे फोन द्यायचा की नाही ह्यावरच बोलताय. मी कॉलेजात शिकवतो. पहिल्या वर्षाला येणाऱ्या पोरांची बोटं स्क्रीनवर भराभर चालतात, पण ईमेलला फाईल जोडता येत नाही, फाईल कुठे सेव्ह झाली ते सापडत नाही, एक्सेलमध्ये साधी बेरीज जमत नाही, आणि असाइनमेंट म्हणून चॅटजीपीटीचं उत्तर न वाचता जसंच्या तसं देतात. त्याच २०२३ च्या असरमध्ये मुलांकडून फोनवर कामं करून घेतली होती. यूट्यूबवर व्हिडिओ शोधणं बहुतेकांना जमलं, गूगल मॅप्सवर एखाद्या ठिकाणी जायला किती वेळ लागेल हे एक तृतीयांशाहून थोड्या जास्त पोरांनाच काढता आलं. म्हणजे घरी वर्षानुवर्षं फोन हाताळून जे येतं ते एवढंच. मेसेज खरा की खोटा कसा तपासायचा, ओटीपी कुणाला का सांगायचा नाही, स्कॉलरशिपचा फॉर्म सायबर कॅफेवाल्याला पैसे न देता स्वतः कसा भरायचा, हे कुणीतरी बसून शिकवावं लागतं. ताईंचं "शाळेत शिकवा" मला त्यासाठी पटतं, गृहपाठ कुठे येतो हा त्या मानाने किरकोळ प्रश्न आहे.

दोनशिक्षकी_शाळा:
सर, शाळेत शिकवा म्हणताय पण कशावर? यूडायसच्या, म्हणजे सरकार शाळांकडून दरवर्षी गोळा करतं त्या माहितीच्या, २०२३-२४ च्या आकड्यांत देशातल्या ५७ टक्के शाळांमध्येच चालू कॉम्प्युटर होते. आमच्याकडं लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही आहे, त्याला लाईट असली तर. दोघंच शिक्षक, चार वर्ग, वरून पोषण आहाराची ऑनलाइन माहिती, यूडायस, प्रत्येक पोराचा अपार हा ओळख क्रमांक, रोज नवी लिंक, आणि हे सगळं माझ्या फोनवर माझ्या पैशाच्या डेटावर. ओटीपीचा धडा घ्यायची माझी तयारी आहे, वेळ आणि मशीन द्या.

सातारची_आई:
मग मागणी तीच करूया ना सर, गावोगावी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून. वीजबिल, पाच तरी कॉम्प्युटर, आणि माहिती भरायला वेगळा माणूस. तोपर्यंत मी माझ्या मुलाच्या शाळेत एवढंच मागणार आहे की गृहपाठ शाळा सुटायच्या आत डायरीत लिहून घ्या, मग ज्यांना हवा त्यांच्यासाठी ग्रुपवर पण टाका.

दोनशिक्षकी_शाळा:
डायरीचं मान्य. पण "मग ग्रुपवर पण" म्हणजे शिक्षकाला दोनदा काम, आणि ते संध्याकाळी शाळा सुटल्यावर. ते मला अजून मान्य नाही.