बेघरांसाठी फेडरल मदत: कॅलिफोर्नियाच्या आमदारांनी नेमकं काय मागावं?

अटकेपार:
बेघरांच्या प्रश्नावर फेडरल (केंद्र) सरकारने मदत करावी, असा ठराव राज्याच्या विधिमंडळात झाला की पुढे काय होतं? पैसे येतात का? आणि काय मागितलं तर खरंच उपयोग होतो?

सह्यकडा:
नुसत्या ठरावाने एक डॉलरही येत नाही. जॉइंट रिझोल्यूशन दोन्ही सभागृहांत मंजूर होतं, त्याला गव्हर्नरची सही लागत नाही, प्रती वॉशिंग्टनला जातात. बंधन कुणावरच नाही. पत्रांचंही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम आणि महापौरांनी ५०,००० जादा भाडे-व्हाउचर मागितली, गृहनिर्माण मंत्री बेन कार्सन यांनी नकार दिला. नवी व्हाउचर हवीत तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तरतूद करायला हवी. २०२१च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या कोविडकाळातल्या मदत कायद्यात ती झाली, तेव्हा देशभरात सुमारे ७०,००० आणीबाणी व्हाउचर निघाली.

पण केवळ आकडा मागणं अपुरं आहे. व्हाउचरधारक उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं भरतो, उरलेलं हाउसिंग ऑथॉरिटी (व्हाउचर चालवणारी स्थानिक सरकारी संस्था) घरमालकाला देते, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. घर शोधायला सुरुवातीला किमान ६० दिवस मिळतात. रस्त्यावर राहणाऱ्याची कागदपत्रं हरवलेली किंवा चोरीला गेलेली असतात. जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड जमवण्यातच आठवडे जातात. त्यात डिपॉझिटला पैसे नाहीत, आणि घराची तपासणी पास होईपर्यंत घरमालक थांबायला तयार नाही. मुदत संपली की व्हाउचर गेलं.

२०२१च्या व्हाउचरांमध्ये या अडचणींचा विचार होता. आधी योजनेत प्रवेश, कागदपत्रं नंतर १८० दिवसांत, आणि प्रत्येक व्हाउचरमागे हाउसिंग ऑथॉरिटीला ३,५०० डॉलर सेवाशुल्क. त्यातून डिपॉझिट भरता येत होतं, घर शोधून देणारा माणूस नेमता येत होता. आमदारांनी हेच कलम शब्दशः मागावं.

माहेरवाशीण:
सहमत. मेडिकेडचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, विसरू नका. ते एरवी घरभाडं देत नाही, पण १११५ वेव्हर (फेडरल नियमांतून राज्याला मिळणारी सूट) मिळाला तर घराशी निगडित सेवांना पैसे वापरता येतात. कॅलिफोर्नियात २०२२पासून कॅलएम या राज्याच्या मेडिकेड सुधारणा कार्यक्रमाखाली काही आरोग्य योजना डिपॉझिट आणि घर टिकवण्यासाठीची मदत देतात. दुसरी अडचण १६ खाटांची. त्याहून मोठ्या मानसोपचार केंद्रातल्या २१ ते ६४ वयाच्या रुग्णांचा खर्च मेडिकेड सहसा उचलत नाही. तिथली सवलतही वेव्हरने मिळू शकते.

शिवाय कंटिन्युअम ऑफ केअर या बेघरांसाठीच्या फेडरल अनुदानाला, लीजिंगची (जागा भाड्याने घेण्याची) रक्कम सोडून, २५ टक्के वाटा स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो. लहान काउंट्या इथेच अडतात. हा वाटा राज्याच्या बजेटमधून द्यायला वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही, तो आमदारांनी आजच द्यावा.

अटकेपार:
घरमालकाने व्हाउचर बघूनच नकार दिला तर?

सह्यकडा:
१ जानेवारी २०२०पासून कॅलिफोर्नियात तो भेदभाव ठरतो. नकार लेखी घ्यावा, निदान मेसेजवर, आणि राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार करावी. त्याच दिवशी हाउसिंग ऑथॉरिटीकडे मुदतवाढही लेखी मागावी, कारण तक्रार केली म्हणून मुदत आपोआप थांबत नाही.