एकाच जागेवरून दिसणारं छत: चित्रकला की नजरबंदी?

निळीशाई
रोमच्या सांत इन्यात्सिओ चर्चचं छत आंद्रेआ पोत्सो या जेझुइट (या कॅथलिक धर्मसंघातल्या) ब्रदरने रंगवलं, १६९४ मध्ये पूर्ण झालं. खाली फरशीत संगमरवरी चकती बसवली आहे. तिच्यावर उभं राहून वर पाहिलं की भिंतींवरचे खांब छत फोडून थेट आभाळात चढतात. थोडं पुढेमागे सरका, तेच खांब अंगावर कलायला लागतात. ‘हलू नकोस’ म्हणून दटावणारं चित्र कसलं? पुढचा घुमट तर घुमटच नाही! खरा बांधायचा राहिला म्हणून १६८५ मध्ये सपाट कॅनव्हासवर रंगवून वर बसवला. मी याला हातचलाखी म्हणते.

गिलावा
ताई, हातचलाखी म्हणायला सोपी आहे. छत कमानदार, त्यावर खांब सरळ दिसायला हवेत. म्हणजे प्रत्यक्षात ते वाकडेच काढायचे. पोत्सोने कमानीच्या पायथ्याशी दोऱ्यांची चौकटजाळी ताणून खालच्या चौकोनांतलं चित्र वरच्या वाकड्या पृष्ठावर कसं न्यायचं, हे स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. वर ओल्या गिलाव्यावरचं काम: सकाळी लावला तेवढा तुकडा वाळायच्या आत संपवायचा. आणि तुमचा आक्षेप त्याच्याही काळी होताच. त्याचं म्हणणं असं, की यथार्थदर्शन (सपाट चित्रात खोली भासवणं, पर्स्पेक्टिव्ह) ही मुळात खऱ्याची नक्कल, ती एका जागेवरून खरी दिसली की पुरे. नाटकही विंगेतून बघितलं तर मजा जाते, म्हणून आपण नाटककाराला दोष देतो का?

पायवाट
नाटकाला निदान खुर्च्या तरी वेगवेगळ्या असतात. माझं मत रोमच्याच जेजू चर्चला. तिथे चित्रकार गाउल्लीने १६७९ मध्ये संपवलेल्या छतात माणसं चौकटीबाहेर ओसंडतात आणि चौकटीबाहेरच्या सोनेरी नक्षीवर त्यांच्या सावल्याही रंगवल्यात. चकती शोधत बसावं लागत नाही.

कोकमसरबत
तंत्र राहू द्या, मजकूर बघा. रोमच्याच बार्बेरिनी राजवाड्याच्या छतावर पिएत्रो दा कोर्तोनाने १६३९ पर्यंत ‘दैवी कृपे’चा विजय रंगवला. मध्यभागी उडतात त्या तीन मोठ्या मधमाश्या, म्हणजे घराण्याचं चिन्ह! घराणं कोणाचं, तर पोप आठव्या उर्बानचं. देवाची कृपा म्हणे. पोत्सोच्या छतावर तर चार खंडं बायकांच्या रूपात बसवलीत, त्यात आशियाही. जेझुइटांचा संस्थापक संत इग्नेशियस (चर्च त्याच्याच नावाचं), त्याचा प्रकाश सगळ्या जगावर. जेझुइटांच्याच संत झेवियरचं शव जुन्या गोव्यात आजही काचेच्या पेटीत आहे, म्हणजे त्या छतावर आपलाही हिशेब मांडलेला आहे.

गिलावा
हिशेब मान्य. पण हुकमावरून काम केलं म्हणून हात वाईट ठरत नाही.

निळीशाई
बरं, दोऱ्यांची जाळी मान्य. पण घुमटाचं काय, दादा? तिथे ना कमान, ना ओला गिलावा.

गिलावा
घुमटाबाबत हरलो. दारातून आत येताना मी चक्क फसलो होतो. वेदीकडून मागे वळून पाहिलं, तेव्हा तो एका बाजूला कललेला दिसला.